राज्य गेले, दूत राहिले: एस्टोनियाची अमेरिकेतली ५१ वर्षे

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. दिल्लीतल्या अफगाण दूतावासात मात्र जुन्याच सरकारने नेमलेली माणसे बसत होती आणि जुनाच काळा-लाल-हिरवा झेंडा फडकत होता. ज्या सरकारने त्यांना नेमले ते उरले नव्हते आणि जे सत्तेवर आले त्याला भारताने मान्यता दिली नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये दूतावास कायमचा बंद होत असल्याचे जाहीर झाले. तोपर्यंतची दोन वर्षे ही माणसे नेमकी कोणाची होती? त्यांचा खर्च कोणी भागवायचा? त्यांनी शिक्का मारलेल्या कागदाला किंमत किती?

हे प्रश्न पहिल्यांदा पडलेले नाहीत. बाल्टिक समुद्राच्या काठावरचे एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन छोटे देश १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळले, आणि त्यांचे दूत अमेरिकेत १९९१ पर्यंत आपल्या जागेवर बसून राहिले. एस्टोनियाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ११ लाख होती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या हिंगोली जिल्ह्याएवढी. अशा देशाच्या एका छोट्या कार्यालयाने महासत्तेच्या दप्तरात आपल्या देशाचे नाव ५१ वर्षे टिकवून ठेवले. ते कसे जमले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण यात भाषणांपेक्षा सही, शिक्का, यादी आणि बँकेचे खाते यांचा भाग मोठा आहे.

कब्जा कोणाचा, मालकी कोणाची

ज्यांचा शेतजमिनीच्या कागदांशी संबंध आला आहे त्यांना हा विषय लवकर कळेल. शेत कसतो कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. दांडगाईने कोणी बांध कोरत आत आला, पेरणी केली, पीकही काढले, तरी तेवढ्याने तो मालक होत नाही. मालक व्हायचे तर फेरफार व्हावा लागतो. तलाठी नोटीस काढतो, हरकतीला मुदत देतो, आणि मुदतीत हरकत आली की ती नोंद तंट्यात जाते.

आंतरराष्ट्रीय कायद्यात हाच फरक आहे. एखाद्या प्रदेशावर प्रत्यक्षात राज्य करणे म्हणजे वस्तुस्थितीतला ताबा. ते राज्य कायदेशीर आहे असे इतर देशांनी मानणे म्हणजे कायदेशीर मान्यता. सोव्हिएत संघाचा ताबा होता, यात शंका नव्हती. त्याला हवा होता तो फेरफार: जगातल्या प्रत्येक सरकारने आपल्या दप्तरात ‘एस्टोनिया’ हे नाव खोडून ‘सोव्हिएत संघ’ लिहावे. अमेरिकेने ते लिहिले नाही.

आणखी एक साम्य आहे आणि ते महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार मालक बारा वर्षे गप्प बसला, तर उघडपणे कब्जा करून बसलेला माणूस उलट मालकीचा दावा सांगू शकतो. देशांच्या बाबतीत वर्षांचा असा ठरीव आकडा नाही, पण गप्प बसणे संमतीसारखे मोजले जाण्याचा धोका तिथेही असतो. म्हणून कोणीतरी सतत हरकत नोंदवत राहावे लागते. ज्याचा देश उरलेला नाही अशा दूताचे पहिले काम हेच.

ही तुलना एका जागी तुटते. जमिनीच्या वादात शेवटी दिवाणी न्यायालय असते आणि ताबा मिळवून देणारा बेलिफ असतो. देशांना असा बेलिफ नसतो.

दूताचे कागद येतात कुठून

राजदूताला अधिकार मिळतो तो कागदांच्या साखळीतून. पाठवणारा देश आधी नाव कळवतो आणि यजमान देश ‘चालेल’ म्हणतो. मग पाठवणाऱ्या देशाचा राष्ट्रप्रमुख यजमान देशाच्या राष्ट्रप्रमुखाच्या नावाने एक पत्र लिहितो, ते अधिकारपत्र. राष्ट्रपती भवनात नवे राजदूत अधिकारपत्र सादर करतात अशी बातमी आपण वाचतो, ती याचीच. याखालची पायरी प्रभारी दूताची. त्याचे पत्र राष्ट्रप्रमुखाकडून येत नाही. परराष्ट्रमंत्री ते समोरच्या परराष्ट्रमंत्र्याला लिहितो. तिसरा प्रकार वाणिज्यदूताचा. पासपोर्ट, वारसा, जहाजे, आपल्या नागरिकांची अडचण ही त्याची कामे, आणि त्याला यजमान देशाचा परवाना लागतो.

त्या काळची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पूर्ण दर्जाचे दूतावास मोठ्या देशांतच असत. छोट्यांची असे ती वकिलात, एक पायरी खालची. (पेशवाईत दूताला वकीलच म्हणत, त्यामुळे हा शब्द इथे चपखल बसतो.)

आता पेच पाहा. राष्ट्रप्रमुख कैदेत गेला तर अधिकारपत्रावर सही कोणाची? परराष्ट्रमंत्रीही कैदेत गेला तर प्रभारी दूत तरी कोण नेमणार? जो आधीच नेमलेला आहे त्याचे कागद चालत राहतात. पण तो मेला की साखळी तुटते. बाल्टिक दूतांची ५१ वर्षे ही एक सांधा तुटला की दुसरा जोडत राहण्यात गेलेली आहेत.

१९४० चा जून

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमण करार केला. त्याच्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोपची वाटणी होती. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिन्ही देशांवर दडपण आणून सोव्हिएत लष्करी तळ बसवले गेले. जून १९४० मध्ये अंतिम इशारे आले: लिथुएनियाला १४ तारखेला, लाटव्हिया आणि एस्टोनियाला १६ तारखेला. दिवसभरात फौजा आत आल्या. १४ आणि १५ जुलैला एकाच बाजूच्या उमेदवारांच्या ‘निवडणुका’ झाल्या. नव्या सभागृहांनी सोव्हिएत संघात घ्या अशी विनंती केली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती मान्य झाली. एस्टोनियाची तारीख ६ ऑगस्ट. राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टान्टिन पॅट्स यांना रशियात नेण्यात आले. १९५६ मध्ये ते तिथल्याच एका मनोरुग्णालयात वारले.

लाटव्हिया आणि लिथुएनियाने थोडी पूर्वतयारी केली होती. लाटव्हियाच्या मंत्रिमंडळाने १७ मे १९४० रोजी, कब्जाच्या बरोबर एक महिना आधी, लंडनमधले आपले वकील कार्लिस झारिन्श यांना गुप्तपणे आणीबाणीचे अधिकार दिले. सरकारशी संपर्क तुटला तर परदेशातल्या सर्व दूतांवर त्यांचा अधिकार चालेल, त्यांना काही झाले तर वॉशिंग्टनमधले आल्फ्रेड्स बिल्मानिस, असे त्यात लिहिले होते. लिथुएनियाचे परराष्ट्रमंत्री युओझास उर्बशिस यांनीही रोममधले वकील स्टासिस लोझोराइटिस यांना सर्व दूतांचे प्रमुख नेमून ठेवले. म्हणजे मालकाने गाव सोडण्याआधी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे तसे. पुढे अर्धे शतक या दोन कागदांवर निभावले.

एस्टोनियाने असे काही केले नाही. ही चूक मोठी होती आणि ती नंतर सतत नडली.

दोन अमेरिकी कागद

पहिला कागद १५ जुलै १९४० चा. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ८४८४ क्रमांकाचा आदेश काढून या तीन देशांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली. याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला तेव्हाही असेच केले होते. गोठवणे म्हणजे जप्त करणे नव्हे. मालक तोच राहतो. फक्त अमेरिकी सरकारच्या परवान्याशिवाय पैसा हलत नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवलेले सोने त्यामुळे मॉस्कोच्या हाती लागले नाही.

दुसरा कागद २३ जुलैचा. हंगामी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी एक छोटे निवेदन प्रसिद्ध केले. या तीन प्रजासत्ताकांचे स्वातंत्र्य त्यांच्या बलाढ्य शेजाऱ्याने कपटाने संपवले आहे, आणि बळाच्या किंवा धाकाच्या जोरावर केलेले असे बदल अमेरिका मान्य करत नाही, हा त्याचा आशय. शेजाऱ्याचे नावही त्यात घेतलेले नाही. हा विचार नवा नव्हता: जपानने मांचुरिया घेतला तेव्हा १९३२ मध्ये परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी तो मांडला होता. निवेदनाचा मसुदा तयार करणारे अधिकारी लॉय हेंडरसन पुढे १९४८ ते १९५१ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते.

या दोन कागदांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पैसा सांभाळला, तत्त्व आठ दिवसांनी सांगितले. उलटे झाले असते तर दूत तत्त्वावर किती महिने जगले असते, हा प्रश्नच आहे.

न्यूयॉर्कमधले कार्यालय

नव्या मॉस्कोधार्जिण्या सरकारांनी परदेशातल्या दूतांना परत बोलावले, वकिलाती सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे सोपवायला सांगितल्या. अमेरिकेतल्या तिघांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये लिथुएनियाचे पोविलास झादेइकिस आणि लाटव्हियाचे बिल्मानिस होते. दोघेही रीतसर वकील, १९४० आधीचे, त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षांच्या सहीची अधिकारपत्रे.

एस्टोनियाचे तसे नव्हते. १९२३ ते १९२५ या काळात आन्ट्स पीप हे माजी सरकारप्रमुख वॉशिंग्टनमध्ये वकील होते. त्यानंतर खर्च परवडेना, म्हणून स्वतंत्र वकील न पाठवता न्यूयॉर्कमधल्या वाणिज्यदूताकडेच वकिलातीचा कार्यभार दिला गेला. १९३९ पासून ही जागा योहानेस कायव यांच्याकडे होती, तीही हंगामी महावाणिज्यदूत म्हणून. म्हणजे सर्वात दुबळा कागद एस्टोनियाचा: ना अधिकारपत्र, ना कुलमुखत्यार, फक्त एक हंगामी वाणिज्यदूत. तरी अमेरिकेने ते चालवून घेतले. निकष साधा ठेवला. शेवटच्या कायदेशीर सरकारने जून १९४० च्या आधी ज्यांना नेमले, त्यांना आम्ही ओळखतो.

कायव १९६५ मध्ये वारले. त्यांच्या जागी आले एर्न्स्ट याक्सन. जन्म १९०५ चा, रीगामधला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एस्टोनियन वाणिज्य कार्यालयात आले आणि १९३२ पासून न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांची नेमणूक १९४० आधीची असल्यामुळे ते निकषात बसले. रॉकफेलर प्लाझामधल्या कार्यालयातून त्यांनी पुढची पाव शतकाहून जास्त वर्षे काम केले.

काम काय होते? पहिले, पासपोर्ट. नकाशावर नसलेल्या देशाचा पासपोर्ट हे कार्यालय देत राहिले आणि अमेरिका तो ग्राह्य धरत राहिली. दुसरे, वारसा. अमेरिकेत मेलेल्या माणसाचे वारस एस्टोनियात असले, की सोव्हिएत अधिकाऱ्यांनी साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र न्यायालयात येई. मान्यता नसल्यामुळे अशा कागदांवर प्रश्न उभा राहत असे आणि याक्सन यांच्यासारख्यांच्या म्हणण्याला वजन असे. तिसरे, निषेधपत्रे. एखाद्या करारात, नकाशात किंवा सरकारी पुस्तिकेत एस्टोनिया सोव्हिएत संघाचा भाग म्हणून दाखवला गेला की परराष्ट्र खात्याला पत्र जाई. हे काम कंटाळवाणे होते, पण हरकत जिवंत राहिली ती याच पत्रांनी.

जहाजांचा मामला तर थेट पैशाचा होता. १९४० मध्ये बाल्टिक जहाजे जगभरच्या बंदरांत होती आणि सोव्हिएत सरकारने ती सारी राष्ट्रीयीकृत केल्याचे जाहीर केले. ‘मारेट’ नावाच्या एस्टोनियन जहाजावरून अमेरिकी न्यायालयात वाद झाला. १९४४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयाने सांगितले की आमच्या सरकारने हे विलीनीकरण मानलेले नाही, तेव्हा राष्ट्रीयीकरणाचा हुकूमही आम्ही मानत नाही. लक्षात घ्या, हा निकाल युद्धाच्या ऐन भरात आला, सोव्हिएत संघ अमेरिकेचा मित्र असताना.

पैसा आणि वय

बाल्टिक वकिलातींचा खर्च गोठवलेल्या त्यांच्याच पैशातून चाले. दरवर्षी अंदाजपत्रक करायचे, परवाना मागायचा, तेवढीच रक्कम सुटायची. अमेरिकी करदात्याच्या पैशावर या वकिलाती चालत होत्या असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. पण ठेवीतून खाल्ले की ठेव संपते. १९८० च्या सुमारास लिथुएनियाचा पैसा संपला. तेव्हा लाटव्हियाच्या गोठवलेल्या निधीतून लिथुएनियाच्या वकिलातीला कर्ज देण्याची व्यवस्था झाली. नकाशावर नसलेल्या एका देशाने नकाशावर नसलेल्या दुसऱ्या देशाला उसने दिले आणि दोघांचे दिवे चालू राहिले. या सगळ्या इतिहासातली मला सर्वात भिडणारी नोंद हीच.

वयाचा प्रश्न पैशाहून कठीण होता. वॉशिंग्टनमध्ये बिल्मानिस १९४८ मध्ये गेले, झादेइकिस १९५७ मध्ये. त्यांच्यानंतर आलेला एकही जण ‘वकील’ नव्हता. सगळे प्रभारी दूत. कारण वर सांगितले तेच: अधिकारपत्रावर सही करणारा राष्ट्रप्रमुख नव्हता. झारिन्श आणि लोझोराइटिस यांच्या जुन्या मुखत्यारीवर प्रभारी दूत तेवढा नेमता येत होता. लाटव्हियाकडून फेल्डमान्स, मग स्पेके, मग १९७१ पासून अनातोल्स दिनबेर्ग्स. लिथुएनियाकडून कायेत्स्कास, मग बाचकिस. सगळे १९४० आधी नोकरीला लागलेले, आणि म्हणूनच सगळे एकत्र म्हातारे होत चाललेले. निकष तोच ठेवला असता तर कधीतरी निकषात बसणारा माणूसच उरला नसता.

शेवटी निकष सैल झाला. १९८७ मध्ये लिथुएनियाचे प्रभारी दूत झालेले स्टासिस लोझोराइटिस हे रोममधल्या लोझोराइटिसांचे त्याच नावाचे चिरंजीव, जन्म १९२४ चा. देश बुडाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्यांना १९४० आधीच्या सरकारने नेमले असण्याची शक्यताच नव्हती, तरी अमेरिकेने त्यांना स्वीकारले.

मग परागंदा सरकार का नाही स्थापले?

हा प्रश्न साहजिक आहे. पोलंडने लंडनमध्ये सरकार स्थापले होते. पण त्याचे काय झाले ते पाहा: ५ जुलै १९४५ रोजी अमेरिका आणि ब्रिटनने त्याची मान्यता काढून घेतली. सरकार म्हटले की ते करार करू पाहते, कर्ज घेते, फौज उभारते, परिषदेत खुर्ची मागते. महासत्तेला मॉस्कोशी जुळवून घ्यायचे असले की असे सरकार अडचण ठरते. नुसता दूत अडचण करत नाही. बाल्टिक दूतांना १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळाली नाही आणि मिळण्याची शक्यताही नव्हती. त्यांचा अधिकार लहान होता, म्हणूनच तो टिकला असे माझे मत आहे.

एस्टोनियन लोकांनी १९५३ मध्ये ओस्लोत परागंदा सरकार स्थापले. अमेरिकेने ते कधीच मानले नाही. गंमत वाटावी अशी स्थिती होती: एस्टोनिया हा देश अमेरिकेला मान्य, त्याचा न्यूयॉर्कमधला दूत मान्य, पण त्याचे म्हणवणारे सरकार अमान्य.

हा देखावाच नव्हता का?

या आक्षेपात तथ्य आहे. १९४३ मध्ये तेहरानला रूझवेल्ट यांनी स्टालिनना सांगितले होते की सोव्हिएत फौजा या देशांत परत गेल्या तर त्यावरून अमेरिका युद्ध करणार नाही. तिन्ही देशांतून हजारोंना सायबेरियात नेले गेले आणि न्यूयॉर्कमधल्या कोणत्याही शिक्क्याने ते थांबले नाही. शिवाय अमान्यता अमेरिकेला स्वस्त पडत होती, हेही खरे.

तरी देखावा म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण इतरांनी दुसरा रस्ता धरला तेव्हा काय झाले हे आपल्यासमोर आहे. स्वीडनने १९४० मध्येच बाल्टिक सोने सोव्हिएत संघाला देऊन टाकले. १९९० नंतर त्याला भरपाई करावी लागली आणि २०११ मध्ये त्याच्या पंतप्रधानांनी जाहीरपणे चूक कबूल केली. ब्रिटनने ताबा मानला, मालकी मानली नाही, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडचे बाल्टिक सोने वापरून मॉस्कोशी जुने आर्थिक दावे मिटवले. १९९० नंतर तेवढ्या किमतीची परतफेड करावी लागली. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विलीनीकरणाला पूर्ण मान्यता दिली आणि सरकार बदलल्यावर १९७५ च्या डिसेंबरात ती मागे घेतली. म्हणजे फेरफार होऊ शकत होता. एका देशात तो सव्वा वर्षासाठी झालाही. अमेरिकेत झाला नाही, कारण तिथे यादीत नाव असलेला, पत्रे पाठवणारा, भेटीची वेळ मागणारा एक माणूस दर वेळी हजर होता. राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, १९७५ मध्ये हेलसिंकी करार झाला आणि युरोपच्या सीमा मान्य झाल्याची भीती पसरली, तेव्हाही राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना सांगावे लागले की बाल्टिक धोरण बदललेले नाही.

रोजच्या व्यवहारातही अमेरिकेने काही नियम पाळले. सरकारी नकाशांवर या तीन देशांबाबत टीप असे. मॉस्कोतला अमेरिकी राजदूत टालिन, रीगा किंवा विल्निअस या राजधान्यांना अधिकृत भेट देत नसे. कनिष्ठ अधिकारी जात. हे क्षुल्लक वाटते, पण राजदूताची अधिकृत भेट म्हणजे ताब्याला मान देणे, आणि तो टाळायचा होता.

आणि मग गोव्याचे काय?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न यायलाच हवा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने ते मानले नाही आणि पुढची तेरा वर्षे गोवा आपल्याच ताब्यातला प्रांत असल्याप्रमाणे कागद चालवले. लिस्बनमध्ये १९७४ च्या एप्रिलात क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार होऊन पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या ‘अमान्यते’ची खूण आजही दिसते: १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मागता येते. मडगाव-म्हापशातल्या कित्येक घरांत हा कागद एक तर आला आहे किंवा त्याची चर्चा आहे.

मग दोन्ही प्रकरणे सारखीच का? यंत्रणा सारखी: एका देशाने दप्तरातले नाव खोडायचे नाकारले. मूळ हक्क सारखा नाही. एस्टोनिया हा स्वतंत्र, राष्ट्रसंघाचा (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचा) सदस्य असलेला देश होता. त्याचे नाव धरून ठेवणारे दूत त्याचेच होते. गोव्यात चारशेहून अधिक वर्षांची वसाहत संपत होती आणि नाव धरून ठेवणारा होता तो वसाहतदार. अमान्यता हे हत्यार आहे. ते कोणाच्या हातात आहे आणि मूळ सातबारा कोणाचा, हे दर वेळी वेगळे तपासावे लागते.

१९९१: कोरी जागा भरली

२० ऑगस्ट १९९१ रोजी, मॉस्कोत बंडाची धामधूम चालू असताना, एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित झाल्याचे जाहीर केले. लाटव्हियाने दुसऱ्या दिवशी. लिथुएनियाने ते ११ मार्च १९९० लाच केले होते. २ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी राजनैतिक संबंधांची घोषणा केली. १७ सप्टेंबरला तिन्ही देश संयुक्त राष्ट्रांत आले.

‘पुन्हा प्रस्थापित’ हे शब्द काटेकोरपणे निवडलेले होते. नवा देश जन्मला असता तर सोव्हिएत संघाच्या वारसांपैकी एक म्हणून त्याच्या कर्जाचाही वाटा आला असता. तिन्ही देशांनी तो नाकारला: आम्ही वारस नाही, आमच्यावर कब्जा झाला होता. न्यूयॉर्कमधले सोने आणि वॉशिंग्टनमधल्या इमारती मूळ मालकाकडेच राहिल्या. लिथुएनियाने १९२४ मध्ये घेतलेल्या सोळाव्या रस्त्यावरच्या इमारतीत आजही त्याचा दूतावास आहे.

याची दुसरी, कडू बाजूही आहे. देश तोच असेल तर नागरिकही तेच, असे म्हणून एस्टोनिया आणि लाटव्हियाने जून १९४० मधल्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना आपोआप नागरिकत्व दिले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्या लाखो रशियन भाषकांना मात्र भाषेची परीक्षा देऊन ते मिळवावे लागले. यातले अनेकजण तिथेच जन्मलेले होते. लाटव्हियात ‘अनागरिक’ असा वेगळा पासपोर्टच काढावा लागला. लिथुएनियाने सर्व रहिवाशांना नागरिकत्वाचा पर्याय दिला. तिथे असे स्थलांतरित तुलनेने कमी होते, त्यामुळे ते सोपे गेले. कायदेशीर सातत्याचा आग्रह या माणसांना महाग पडला, आणि ज्यांना दूतांची चिकाटी भावते त्यांनी ही किंमतही मोजायला हवी.

वॉशिंग्टनमध्ये तिन्ही देशांनी पहिले राजदूत म्हणून जुनेच दूत नेमले. लोझोराइटिस ६७ वर्षांचे होते, दिनबेर्ग्स ८० चे, याक्सन ८६ चे. एस्टोनियाच्या कागदांत १९४० पासून जी जागा कोरी होती, राष्ट्रप्रमुखाच्या सहीची, ती आता भरली गेली आणि हंगामी वाणिज्यदूताचा वारसदार म्हणून पाव शतकाहून जास्त काळ बसलेल्या याक्सन यांना पहिल्यांदा अधिकारपत्र मिळाले. वॉशिंग्टनमध्ये पूर्ण दर्जाचा एस्टोनियन राजदूत त्याआधी कधी झालाच नव्हता. १९९३ मध्ये त्यांनी ही जागा तोमास हेन्द्रिक इल्वेस या चाळिशीच्या माणसाकडे सोपवली, जे पुढे २००६ मध्ये एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. याक्सन न्यूयॉर्कमध्येच राहिले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये तिथेच वारले.